चिंचोळीची वाट

विनिपेग,
३ मार्च १९७९

ती. आजीस,
नॉर्बरचा सा. न. वि. वि.

एव्हलीनमावशी हे वाचून दाखवत असेल, म्हणून तिलाही नमस्कार. जॅनिसबद्दल नाताळात सांगितलं होतं. आता तिच्या घरी लग्नाचं काढलं आहे. तिची आई लगेच हो म्हणाली. वडील, मिस्टर प्रिचेट, आयुष्याचा विमा विकतात आणि त्यात फार नाव कमावलेले आहेत. ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. माणूस पारखायचा तर त्याच्याबरोबर एक दिवस गळ टाकून बसावं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून असं ठरलंय, की ३१ तारखेच्या शनिवारी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, अल्सीदआजोबांच्या धक्क्यावरून ट्रक गोठलेल्या सरोवरावर घालायचा आणि त्यांनी बर्फात खुणेला रोवलेल्या झाडांच्या वाटेनं थेट चिंचोळीवर, सरोवराच्या अरुंद गळ्यावर जायचं. मिस्टर प्रिचेट, त्यांचे मेहुणे मिस्टर डड्ली आणि मी. बर्फाला भोक पाडायला पेट्रोलवर चालणारं गिरमिट घेतलंय. पाण्याची खोली आणि खालचा मासा लाल दिव्यानं दाखवणारं यंत्र आहे. तंबू, घडीच्या खुर्च्या, दोन शेगड्या, प्रत्येकी तीन जोड मोजे. मिस्टर प्रिचेट यांनी सगळं टाइप करून प्रत्येकाला एकेक कागद दिलाय. मासा ते वॉलाय म्हणतात तोच, आपला पिकरेल. हंगामाच्या शेवटी मोठे मासे लागतात असं त्यांनी वाचलंय.

धुकं नसलं तर परतताना तुझ्याकडे चहाला येऊ. तुझी माया आहे तशीच ठेव.

तुझा,
नॉर्बर


बर्च पॉइंट,
९ मार्च

चि. नॉर्बर यास,
आजीचे आशीर्वाद. जपून वापर, उत्तर येईपर्यंत एवढेच आहेत.

तुझं पत्र एव्हलीनकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्या वेळी वाटलं ती माझी थट्टा करतेय. तीन माणसं, एक दिवस, आणि शेगड्या दोन! घडीच्या खुर्च्या! माशाला हा थाट कळला तर बिचारा संकोचानं तळाशीच बसेल. तुझा आजोबा एक लोखंडी पहार आणि खिशात गॅलेट रोटीचा तुकडा घेऊन जायचा आणि पोतं भरून आणायचा. त्याला कुणी कागद टाइप करून दिला नाही. दिला असता तर त्यानं त्यात मासा गुंडाळला असता.

मार्चअखेरीस पिकरेल कुठं असतो हे तुला पाच वर्षांचा असताना ठाऊक होतं. शहरात जाऊन तेवढंही घालवलंस? अंडी घालायचे दिवस जवळ आले की तो खोल पाणी सोडून किनाऱ्याकडे सरकतो, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीसारखा. किनारा आत वळतो त्या आमच्या वाकणात, माझ्या दारापासून दोनशे पावलांवर, खालच्या गोट्यांवर तो येऊन उभा राहतो. आणि तुम्ही त्याला शोधायला कुठं निघालात, तर तो जिथून उठून आला त्या चिंचोळीवर. पाहुणा ओसरीवर बसलाय आणि यजमान त्याला आणायला स्टेशनवर गेलाय.

आता चिंचोळीच्या बर्फाचं ऐक. अर्धं सरोवर इकडून, अर्धं तिकडून, सगळं पाणी त्या फटीतून ये-जा करतं. मार्चअखेरीस वरून पांढरंशुभ्र दिसतं आणि खालून पाणी कुरतडत असतं. मंगळवारी आमच्या भाऊरायाला, अल्सीदला, तिथं ऊद दिसला, पोटावर घसरत चाललेला. ऊद मासे खातो, बर्फ खाऊन जगत नाही, बाबा. त्याला बुडी मारायला उघडं पाणी लागतं, आणि ते त्यानं गिरमिटानं पाडलेलं नसतं.

तुझा सासरा आयुष्याचा विमा विकतो म्हणतोस. बरं आहे, स्वतःचा माल स्वतः वापरून बघतोय. त्यानं खुशाल जावं. तू जायचं नाहीस. इथं मी सासऱ्याबद्दल एक शब्द सांगितला होता, तो एव्हलीननं लिहिला नाही. तुला माहीत आहे कुठला.

समजलं तर ठीक. आमची माया मागावी लागत नाही, अक्कल मात्र मागून घे.

तुझी आजी
(हस्ते एव्हलीन)


विनिपेग,
१४ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं मी मिस्टर प्रिचेट यांच्या कानावर घातलं. ते खूप हसले. म्हणाले की वीस वर्षं ते मासेमारी करतायत, आणि प्रत्येक गावातले लोक बाहेरच्याला हेच सांगतात, बर्फ खराब आहे म्हणून. चांगली जागा स्वतःपुरती राखायची असते. पंधरा इंच बर्फ ट्रक पेलतं, हे छापील कोष्टकात आहे, असंही म्हणाले. मिस्टर डड्लींनी मान डोलावली. ते नेहमीच डोलावतात.

आजी, मी पुढं काही बोललो नाही. तू रागावशील, पण जॅनिसचं आणि माझं सगळं या एका शनिवारावर अडलंय. मी नाही म्हटलं तर भित्रा ठरेन, आणि भित्र्याला ते मुलगी देणार नाहीत. तिच्या आईनं मला तसं हळूच सांगितलंही.

एक केलं. अल्सीदआजोबांची झाडं उभी असतील तोवर वाट चांगली असते, हे त्यांना पटवलं. झाडांच्या वाटेनं जायला ते तयार आहेत. पण झाडं काढून टाकलेली दिसली तर नकाशा आणि होकायंत्र काढून सरळ रेषेत जायचं, असं त्यांनी कागदात घातलंय. तेव्हा आजोबांना सांग, वाट बंद करून काही उपयोग नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
नॉर्बर


बर्च पॉइंट,
१९ मार्च

चि. अल्सीद यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

नॉर्बरचं पत्र सोबत आहे. तू सैन्यात चार अक्षरं शिकलास, ती आज कामाला लाव आणि शेवटपर्यंत वाच. वाचलंस? आता बस.

हा प्रिचेट म्हणजे उथळ पाणी, खळखळाट फार. त्याला बंद म्हटलं की तो मुद्दाम जाणार. वाट मोडली तर होकायंत्र काढणार. आणि आमचं पोर मागच्या सीटवर तोंड मिटून बसणार. तेव्हा वाट बंद करू नकोस. वाट वाकव. धक्क्यापासूनची पहिली झाडं तशीच राहू देत. मग हळूहळू डावीकडे घे, नदीच्या वळणासारखं, कुणाच्या डोळ्यात भरणार नाही असं, आणि शेवटचं झाड माझ्या वाकणात आणून लाव. सकाळी धुकं असतंच या दिवसांत. शहरातल्या माणसाला धुक्यात स्वतःचं नाक सापडत नाही, त्याला चिंचोळी काय सापडणार!

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. म्हण, आणि मग कर.

लोभ आहे का नाही हे या कामावरून ठरेल.

तुझी आक्का,
फिलोमेन
(हस्ते एव्हलीन)


सँडी लँडिंग,
२२ मार्च

ती. आक्कास,
अल्सीदचा सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर काठी घेऊन हाकललं असतं. बावीस वर्षं मी झाडं लावतोय. डॉक्टर त्यांच्या भरवशावर हिमवादळातून आलाय, बाळंतिणी गेल्यात, प्रेतं गेलीत. आपल्याकडे वाटेचं झाड हलवणारा आणि पिण्याच्या पाण्याच्या भोकात घाण टाकणारा एकाच बाकावर बसतात. आता म्हातारपणी त्या बाकावर मी बसू?

पण पत्र वाचलं. कोष्टक म्हणे. चिंचोळीला कुणी ते कोष्टक वाचून दाखवलंय का?

तर ऐक. नाहीतरी पुढच्या सोमवारी मी चिंचोळी बंद करणारच होतो. चौदा झाडं हलवावी लागतील. प्रत्येकाला नवा खड्डा, त्यात झाड, मग पाणी ओतून गोठेपर्यंत हातात धरून उभं राहायचं. माझं वय एकाहत्तर. गुरुवारी करतो. अट एकच. झाडांनी गावाशी खोटं बोलायचं नाही. येत्या रविवारी फादर चर्चमध्ये मिस्सेनंतर सांगतील, की वाट अमुक दिवसापासून फिलोमेनच्या दाराशी जाते, कुणी तिच्यावर विसंबू नये. म्हणजे सगळ्या गावाला कळेल आणि त्या तिघांनाच कळणार नाही.

मनुकांचे दोन केक भाजून ठेव. एक माझा, एक फादरचा. उपवासाचे दिवस आहेत याची मला आठवण करून देऊ नकोस.

तुझा पाठीराखा,
अल्सीद


बर्च पॉइंट,
२ एप्रिल

चि. नॉर्बर यास,
आशीर्वाद, हसून झाल्यावर उरले तेवढे.

शनिवारी तुम्ही चिंचोळीवर नव्हता. माझ्या दारात होता. अल्सीदनं वाट वाकवली, मी त्याला सांगितलं म्हणून. आता रागव, पण आधी पुरतं ऐक.

दहाच्या सुमाराला धुक्यातून ट्रकची घरघर ऐकू आली. मग ते गिरमिट. देवा, काय तो आवाज! स्मशानातली म्हातारी माणसं उठून बसली असतील. मी खिडकी इंचभर उघडून खुर्ची लावली. माणसं दिसत नव्हती, पण धुक्यात आवाज पाण्यावरून येतो तसा येतो, एकेक शब्द कानात. तुझा सासरा डड्लीला समजावत होता, की इथला प्रवाह त्याला बुटाच्या तळव्यांतून जाणवतोय. माझ्या वाकणात प्रवाह! तिथं बदकंसुद्धा कंटाळून झोपतात. मग म्हणाला की असं रानटी, निर्मनुष्य ठिकाण त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नाही. मी तेव्हा बटाटे सोलत होते.

मासा लागला तो किती मोठा ते मला दिसलं नाही, आरडाओरडा मात्र देवमाशाएवढा होता. लागणारच. मी तुला नव्हतं का सांगितलं तो कुठं येऊन उभा राहतो?

घोळ एकच झाला. डाकवाला स्टॅन्ली आहे इंग्लिश चर्चचा. फादरनं आमच्या मिस्सेला सांगितलं, त्याला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. तो पलीकडच्या किनाऱ्याची डाक घेऊन झाडांच्या खुणेनं आला आणि थेट तुमच्या तंबूवर. इथं काय करताय असं त्यानं विचारलेलं मी ऐकलं आणि बटाटा हातातून पडला. मग तुझी नुसती कुजबुज आली, शब्द कळले नाहीत, आणि तो मुकाट्यानं माझ्या मागच्या दारानं आत आला आणि दोन तास चहा पीत बसला. पलीकडच्या किनाऱ्याची सगळी डाक त्या दिवशी माझ्या लाकडांच्या पेटीवर होती.

सासऱ्याला यातलं सांगू नकोस. तुझं लग्न होऊ दे. त्याची मर्दुमकी त्याच्यापाशी राहू दे, आपल्याला ती ठेवायला जागा नाही.

खुशाली कळव.

तुझी आजी
(हस्ते एव्हलीन)


विनिपेग,
६ एप्रिल

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही. मला माहीत होतं.

तिसऱ्या वळणावरच्या झाडाच्या बुंध्याशी कुऱ्हाडीचे ताजे ढलपे पडले होते आणि ओतलेलं पाणी काचेसारखं नवं होतं. जुन्या झाडांच्या पायथ्याशी बर्फाचे ढीग साचलेले असतात, हे मी विसरलेलो नाही. मग तुझ्या धुराड्याचा धूर आला. तू बर्च जाळतेस, आणि चिंचोळीवर धुराडं कुठलं? तेव्हाच ओळखलं. स्टॅन्लीला मीच तुझ्याकडे पाठवलं.

मी गप्प बसलो आणि सगळं छान झालं. मिस्टर प्रिचेट यांनी मला खांद्यावर थोपटलं. लग्न सप्टेंबरमध्ये करू म्हणाले. मासा पेंढा भरायला दिलाय, खाली पितळी पट्टीवर चिंचोळीचं नाव येणार आहे. पुढच्या वर्षी याच दिवशी पुन्हा तिथंच जायचं, असं त्यांनी आत्ताच ठरवलंय. जॅनिसचा धाकटा भाऊही येणार आहे. ते पुढच्या वर्षी बघू.

तू माझ्यासाठी केवढं केलंस, आजी. अशीच पाठीशी राहा.

तुझा,
नॉर्बर


बर्च पॉइंट,
११ एप्रिल

नॉर्बर,

आशीर्वाद या खेपेला नंतर.

मला वाटलं होतं मी एका मूर्खाला फसवलं आणि एका अजाण पोराला वाचवलं. आता कळलं की ट्रकमध्ये अजाण कुणी नव्हतंच. तू ढलपे ओळखलेस. धूर ओळखलास. म्हणजे वाट वाकडी आहे हे ओळखणारे डोळे तुझ्याकडे आहेत. मग वाट सरळ असती तर तेही ओळखलं असतंस, आणि असाच गप्प बसून चिंचोळीवर गेला असतास. मागच्या सीटवर, मांडीवर टाइप केलेला कागद घेऊन.

प्रिचेटला काही कळत नाही, म्हणून तो निघाला. त्याला मी हसते. तुला कळत होतं, तरी निघालास. तुला हसायचं कसं ते मला जमेना. एव्हलीनला विचारलं, तिलाही जमेना.

भित्रा ठरशील म्हणून तू नाही म्हणाला नाहीस, असं लिहिलं होतंस. अरे, बर्फाला न घाबरणारी दोन माणसं आणि सासऱ्याला घाबरणारा एक, यात मोठा भित्रा कोण ते मोजायला कोष्टक नको.

आणि पुढच्या वर्षी एक पोर घेऊन जाणार. पुढच्या वर्षी अल्सीद बहात्तरचा असेल. मी असेन-नसेन. झाडं कोण वाकवणार?

सासऱ्याला सांगू नकोस असं मी म्हटलं होतं, ते मागं घेते.

आजी
(हस्ते एव्हलीन)


विनिपेग,
१७ एप्रिल १९७९

श्रीमती फिलोमेन ब्रेलां यांस,
स. न. वि. वि.

आपला व माझा परिचय नाही. सबब थेट विषयाकडे वळतो. परवा ईस्टरच्या भोजनप्रसंगी, अकरा पाहुण्यांसमक्ष, मी चिंचोळीचा वृत्तान्त निवेदन करीत असता आपला नातू उभा राहिला व त्याने असे जाहीर केले की, पुढील वर्षी तो येणार नाही, माझ्या मुलासही येऊ देणार नाही, आणि आम्ही तिघेही त्या दिवशी चिंचोळीवर नसून आपल्या घरासमोर बसलो होतो. मी त्यास बसण्यास सांगितले. तो बसला नाही. मी पुन्हा सांगितले. त्याने पुन्हा नकार दिला. पुरावा म्हणून मी माझे छायाचित्र फिरवले असता, त्यात माझ्या खांद्यामागे धुक्यात दोरीवर वाळत घातलेली लोकरीची लांब विजार सर्वांस दिसली. माझी कन्या हसली, हे मी विसरणार नाही. मिस्टर डड्ली हेही हसले.

मी तीस वर्षे विमा व्यवसायात आहे. धोक्याचे मोजमाप हे माझे काम आहे. माझ्या अनुमतीवाचून मला धोक्यापासून दूर नेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? धोका होता हे तरी कशावरून? माझ्या कोष्टकानुसार पंधरा इंच बर्फ पुरेसे होते. तरी त्या दिवशी चिंचोळीवर बर्फाची जाडी किती इंच होती, हे आपण वा आपल्या बंधूंनी मोजले असल्यास आकड्यात कळवावे. ती पंधरा इंच वा अधिक असल्यास माझी फसवणूक झाली असे मी समजेन, आणि विवाहाचा विषय माझ्यापुरता संपेल.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला,
हॅरल्ड जे. प्रिचेट


बर्च पॉइंट,
२३ एप्रिल

श्री. प्रिचेट यांस,
नमस्कार. मी तो घालणार नव्हते, एव्हलीननं आपल्या पदरचा घातला आहे.

अधिकार कुणी दिला विचारता. कुणी नाही. इथं पोरं वाचवायला परवाना काढावा लागतो हे मला कुणी कळवलं नव्हतं. ती विजार माझ्या नवऱ्याची आहे. तो जाऊन नऊ वर्षं झाली, मी ती थंडीत घालते आणि शनिवारी धुते. आपल्या छायाचित्रात ती चांगली आली असल्यास एक प्रत पाठवावी.

आता जाडी. हे मी नॉर्बरला मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्याला लाज वाटायला हवी होती, धडकी नको होती. पण तुम्ही आकडा मागितला आहे आणि आमच्या पोरानं अकरा माणसांसमोर तुम्हाला दोनदा नाही म्हटलं आहे, तेव्हा घ्या.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिस्सेनंतर अल्सीद पहार घेऊन पायी चिंचोळीकडे गेला. वाकवलेल्या वाटेपलीकडची सहा झाडं त्यानं जागच्या जागी ठेवली होती, ती काढून आणायला. दोन झाडं त्यानं काढली. तिसरं दिसत होतं तिथं पोचायच्या आत थांबला. तिसरं झाड हलत होतं. वारा नव्हता. चौथं, पाचवं आणि सहावं नव्हतंच. तिथं काळं पाणी होतं, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि त्यात दोन बदकं. कडेचं बर्फ जुनं, झिजून गोल झालेलं, म्हणजे ते त्या सकाळी फुटलेलं नव्हतं, शनिवारीही तिथं पाणीच होतं. पोटावर झोपून मागं सरकत तो परत आला, आणि माझ्याकडे येऊन मनुकांचा एक अख्खा केक खाल्ला.

तर तुमचं उत्तर. त्यानं बर्फ मोजलं नाही, कारण मोजायला ते नव्हतं. कोष्टकात हा आकडा कुठल्या ओळीत बसतो ते तुम्ही बघा.

सप्टेंबरमधली तारीख लवकर कळवावी. अल्सीदला कोट शिवायचा आहे.

फिलोमेन ब्रेलां
(हस्ते एव्हलीन)